भंडारदऱ्याच्या खाचरांतील तंबू

मुंबई-नाशिक महामार्ग घोटीपाशी सोडला, की तांदळाच्या गिरण्या आणि अडतीच्या दुकानांची रांग मागे पडते आणि रस्ता दक्षिणेकडे कळसूबाईच्या रांगेच्या पायाशी येतो. सुमारे तासाभरात बारी, त्यापुढे शेंडी. शेंडी म्हणजेच पर्यटकांचे भंडारदरा. पावसाळ्यात याच रस्त्याने हजारो वाहने धबधब्यांकडे धावतात. एप्रिल-मे महिन्यांत मात्र तो ओस असतो. डोंगर तपकिरी पडलेले, गवत वाळून पांढुरके झालेले, करवंदांच्या जाळ्या तेवढ्या हिरव्या. रतनगडाच्या डोंगरात उगम पावणारी प्रवरा नदी येथे विल्सन धरणाने अडवली आहे. हे धरण १९२६ साली पूर्ण झाले आणि त्यामागील पाण्याला आर्थर तलाव हे नाव पडले. मे महिन्यात तलावाचे पाणी बरेच मागे सरकते आणि एरवी पाण्याखाली असलेला तांबूस उतार उघडा पडतो. त्या उताराच्या वर, कापणी होऊन रिकाम्या पडलेल्या भातखाचरांत, दरवर्षी दीड-दोन महिने रंगीत तंबू उभे राहतात. मुंबई, पुणे, नाशिक, संगमनेर येथून मुलांच्या तुकड्या येतात, सहा-आठ दिवस राहतात आणि परत जातात.

उन्हाळी साहस शिबिरांची जाहिरात आता लहान गावांतील व्यापारी कुटुंबांपर्यंतही पोहोचली आहे. 'आठ दिवसांत आत्मविश्वास' असे तिच्यात ठळक अक्षरांत छापलेले असते. कोणत्याही दुकानदाराला अशा वाक्यातील अतिशयोक्ती लगेच कळते, कारण आपल्या मालाची भलावण करण्याची कला तो स्वतः जाणतो. तरीही मुले पाठवली जातात. त्यामागे एक खरी काळजी असते. पेढीवर वाढलेले मूल सहसा माणसांना घाबरत नाही. आजोबांच्या गादीशेजारी बसून त्याने शेकडो ग्राहक पाहिलेले असतात, मोठ्यांशी कसे बोलावे हे त्याला ठाऊक असते. पण घरात आजी-आजोबा, काका-काकू, नोकर-चाकर अशी इतकी माणसे असतात, की त्याला स्वतःचा एखादा निर्णय घेण्याची वेळच येत नाही. काय खावे, कोणत्या शाळेत जावे, पुढे कोणता व्यवसाय सांभाळावा, हे सारे ठरलेले असते. असे मूल पंधराव्या-सोळाव्या वर्षी शिक्षणासाठी पुण्याला गेले, की पहिल्या महिन्यात घरी येणारे रडवे दूरध्वनी अनेक आईवडिलांच्या परिचयाचे आहेत.

संगमनेरच्या एका धान्यव्यापाऱ्याची अकरा वर्षांची मुलगी अशाच एका तुकडीत होती. चाळीस मुलांमध्ये ती सर्वांत गप्प. पहिल्या संध्याकाळी सर्वांचे भ्रमणध्वनी एका कापडी पिशवीत जमा झाले आणि पाच-पाच मुलांना एकेक तंबू, दोऱ्या आणि खुंट्यांचा जुडगा देण्यात आला. प्रशिक्षकांनी एकदाच प्रात्यक्षिक दाखवले आणि ते बाजूला झाले. तलावावरून संध्याकाळी वारा सुटतो, त्यामुळे तंबूचे तोंड वाऱ्याकडे असता कामा नये. खुंटी सरळ न ठोकता तंबूपासून बाहेरच्या बाजूला झुकवून ठोकावी लागते, म्हणजे ताण आला तरी ती उपटत नाही. मुलांनी यांतले काहीच लक्षात ठेवले नव्हते. पहिले तीन तंबू पडले. चौथ्याच्या आत बसून कोणी हसत होते आणि कोणी रडत होते. दीड तास कोणीही मदतीला आले नाही. अखेर दोऱ्यांच्या गाठी कुणी बांधायच्या, खुंट्या कुणी ठोकायच्या, हे मुलांनी आपसांत वाटून घेतले आणि अंधार पडण्यापूर्वी आठही तंबू उभे राहिले. त्यांतले दोन वाकडे होते.

या पद्धतीमागचा इतिहास व्यापारी वाचकांना विशेष रुचावा असा आहे. मुलांना रानात नेऊन शिकवण्याचे प्रयोग जुने आहेत. बेडन-पॉवेल यांनी १९०७ साली इंग्लंडमधील ब्राउन्सी बेटावर सुमारे वीस मुलांचे शिबिर भरवले आणि त्यातून स्काउट चळवळ उभी राहिली. परंतु आजच्या साहस शिबिरांचा साचा तयार झाला तो दुसऱ्या महायुद्धात, आणि तोही एका जहाज-व्यापाऱ्याच्या चिंतेतून. लिव्हरपूलच्या जहाज कंपनीचे लॉरेन्स होल्ट यांच्या कानावर एक विचित्र गोष्ट आली. पाणतीरांनी जहाजे बुडाल्यावर जीवरक्षक नौकांत तरुण, धडधाकट खलाशी आधी हाय खातात आणि वयाने मोठे, शिडाच्या जहाजांवर घडलेले खलाशी तग धरतात, असे त्यांना वाटू लागले. अंगातील बळापेक्षा, 'यातूनही आपण निभावून जाऊ' ही अनुभवाने आलेली खात्री कामी येते, असा त्याचा अर्थ त्यांनी लावला. नाझी राजवटीत तुरुंगवास भोगून ब्रिटनमध्ये आलेले जर्मन शिक्षणतज्ज्ञ कुर्ट हान यांच्या साहाय्याने १९४१ मध्ये वेल्समधील अबरडोव्ही येथे तरुणांसाठी महिनाभराचे शिक्षण सुरू झाले. त्याला नाव दिले 'आउटवर्ड बाउंड', म्हणजे बंदर सोडून खुल्या समुद्राकडे निघालेले जहाज. पुढे ही संस्था अनेक देशांत पसरली. होल्ट यांना आपली माणसे गमवायची नव्हती. या साऱ्या उपक्रमाची मूळ नोंद अशी एका पेढीच्या हिशेबात सापडते.

भारतात या विद्येला बळ मिळाले ते एव्हरेस्टमुळे. १९५३ मध्ये तेनसिंग आणि हिलरी शिखरावर पोहोचले आणि पुढच्याच वर्षी दार्जिलिंगला हिमालयन माउंटेनिअरिंग इन्स्टिट्यूट स्थापन झाली. त्याच १९५४ साली मुंबईत 'गिरिविहार' ही संस्था निघाली. सह्याद्रीच्या काळ्या बेसॉल्टच्या कड्यांवर प्रस्तरारोहण शिकवणाऱ्या अशा मंडळांतूनच पुढच्या पिढ्यांचे प्रशिक्षक तयार झाले.

तिसऱ्या दिवशी रॅपलिंग असते. दोराच्या आधाराने कडा उतरणे, एवढाच त्याचा अर्थ. पण शिबिरात आलेली सारी मुले त्याच दिवसाची धास्ती घेऊन आलेली असतात. शेंडीच्या परिसरातील साठ-सत्तर फुटांचा एक कडा त्यासाठी वापरला जातो. कमरेला आणि मांड्यांना हार्नेस, डोक्याला शिरस्त्राण, दोर अडकवायला कॅराबिनर. उतरणाऱ्याच्या दोराखेरीज आणखी एक स्वतंत्र दोर त्याच्या कमरेला बांधलेला असतो आणि त्याचा ताबा वर बसलेल्या प्रशिक्षकाकडे असतो. गिर्यारोहक त्याला 'बिले' म्हणतात. मुलाचा हात सुटला तरी तो दोर त्याला धरून ठेवतो. हे सर्व समजावून सांगितल्यावर मुले मान डोलावतात, पण कड्याच्या धारेवर पाठ करून उभे राहिल्यावर समजावलेले काहीच आठवत नाही. पाय खांद्यांच्या रुंदीइतके फाकवायचे, गुडघे ताठ ठेवायचे आणि शरीर मागे पोकळीत झोकून द्यायचे. शरीराची उपजत ओढ नेमकी याच्या उलट असते. ते खडकाला बिलगू पाहते, आणि खडकाला बिलगले की पाय घसरतात व गुडघे फुटतात. म्हणजे सुरक्षित राहायचे तर जे धोक्याचे वाटते तेच करावे लागते. पहिली दोन पावले पडली, की पुढचा कडा तुलनेने सोपा असतो.

संगमनेरची मुलगी धारेवर वीस मिनिटे उभी होती. खालून मुले तिच्या नावाने ओरडत होती, त्याने ती अधिकच गोठत होती. प्रशिक्षकाने हाताने सर्वांना गप्प केले. तो इतकेच म्हणाला, ''ताई, उतरायचं नसेल तर मागे ये. कुणी काही म्हणणार नाही. पण ते तूच ठरवायचं.'' ती मागे आली. हार्नेस सोडून सावलीत बसली. दुपारी जेवण झाल्यावर ती आपणहून रांगेत शेवटची उभी राहिली आणि उतरली. या प्रसंगात महत्त्वाचे काय, याबद्दल मतभेद होऊ शकतो. बहुतेक पालक दुपारच्या उतरण्याचे छायाचित्र मागतील. जाणत्या प्रशिक्षकाच्या लेखी सकाळचे मागे येणे कमी मोलाचे नव्हते. ढकलून, चिडवून, लाजवून उतरवलेले मूल कडा उतरते खरे. पण त्याला फक्त आज्ञा पाळणे कळलेले असते, आणि ते तर ते घरीही करतच होते. मुलाला नकार देण्याची मोकळीक नसलेले शिबिर कितीही गाजलेले असो, त्याच्यापासून चार हात दूर राहिलेले बरे.

कड्याहून अवघड प्रसंग मात्र दुसऱ्याच दिवशी स्वयंपाकाच्या तंबूत घडून गेला होता. शिबिराचे रात्रीचे जेवण साडेआठला असे. प्रवेशअर्जात वडिलांनी 'जैन भोजन' असे लिहिले होते, त्याप्रमाणे कांदा-बटाट्याविना वेगळी भाजी होतही होती. पण वेळेचा उल्लेख कोणी केला नव्हता. पहिल्या रात्री ती मुलगी पोट दुखत असल्याचे सांगून उपाशी झोपली. घरी चौविहार पाळणे म्हणजे हाक आली की पाटावर जाऊन बसणे. त्यासाठी कोणाला काही सांगावे लागत नाही. येथे मात्र चाळीस अनोळखी मुलांसमोर आपण वेगळ्या आहोत, हे बोलून दाखवायचे होते. दुसऱ्या दिवशी दुपारी ती स्वयंपाक्याकडे गेली. ते शेंडीचेच एक प्रौढ गृहस्थ. तिने दोन वाक्यांत सांगितले, की ती सूर्यास्तानंतर जेवत नाही आणि पाणी गाळलेले लागते. ''मग आधी नाही का सांगायचं, बाळ? साडेसहाला ताट तयार असेल. मुगाची खिचडी चालेल ना?'' एवढ्यावर प्रश्न मिटला. संध्याकाळी तिच्या पंगतीला आणखी चार मुले येऊन बसली. त्यांतील दोघे तिच्यासारखेच नियम असलेले, पण गप्प राहिलेले होते. उरलेल्या दोघांना केवळ लवकर भूक लागली होती.

आपल्याच समाजातील मुलांची स्वतंत्र शिबिरे काढावीत, असा विचार पुष्कळदा मांडला जातो. खाण्यापिण्याची चिंता मिटते, ओळखी वाढतात, पालकांना निर्धास्त वाटते. लहान वयाच्या मुलांसाठी आणि पहिल्या अनुभवासाठी ती योग्यही आहेत. तथापि बाराव्या-तेराव्या वर्षानंतर मिश्र शिबिरच अधिक उपयोगी पडावे. ज्या मुलाला पुढे सर्व जातिधर्मांच्या ग्राहकांशी, अधिकाऱ्यांशी आणि भागीदारांशी व्यवहार करायचा आहे, त्याने आपला नियम संकोच न करता आणि दुसऱ्याला न दुखवता सांगायला शिकावे, यासाठी स्वयंपाकाच्या तंबूसारखी दुसरी जागा नाही.

रात्री दिवे मालवल्यावर तलावाच्या काठी आकाश फार खाली येते. एप्रिलअखेरीस सप्तर्षी उत्तरेकडे उंच चढलेले असतात. त्यांच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवत नेली, की नारिंगी स्वाती आणि त्यापुढे चित्रा सापडते. मध्यरात्रीच्या सुमारास आग्नेयेला वृश्चिकाचा आकडा वर आलेला असतो. मेअखेरीच्या तुकड्यांना आणखी एक दृश्य लाभते. पावसापूर्वीच्या दमट रात्रींत येथील बेहडा, हिरडा, सादडा, जांभूळ या झाडांवर काजवे जमतात आणि संपूर्ण झाड एका लयीत उजळते-विझते. हे चमकणे म्हणजे काजव्यांचे जोडीदाराला बोलावणे. त्यात विजेरीचा किंवा मोटारीच्या दिव्यांचा प्रकाश पडला, की त्यांची हाक हरवते. अलीकडे या 'काजवा महोत्सवा'ला शनिवार-रविवारी इतकी गर्दी लोटते, की झाडांपेक्षा वाहनांचेच दिवे अधिक दिसतात. कळसूबाई-हरिश्चंद्रगड हे १९८६ मध्ये घोषित झालेले सुमारे ३६० चौरस किलोमीटरचे अभयारण्य आहे, याचा विसर पडलेला असतो. चांगली शिबिरे मुलांना आठवड्याच्या मधल्या दिवशी, विजेऱ्या बंद ठेवून, पायवाटेवरूनच काजवे दाखवतात.

सहाव्या दिवशी पहाटे साडेचारला कळसूबाई. १६४६ मीटर, महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर. बारी गावातून साधारण तीन तासांची चढण आहे. उभ्या कातळावर लोखंडी शिड्या बसवलेल्या असल्याने वाट अवघड राहिलेली नाही. मात्र मे महिन्यात सूर्य वर येण्यापूर्वी माथा गाठला नाही, तर तापलेल्या शिडीला हात लावणेही कठीण होते. शिखरावर देवीचे छोटे मंदिर आहे. कळसू नावाची कोळ्याची मुलगी एका घरी कामाला राहिली, ती केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही या अटीवर. एके दिवशी तिला तेच काम सांगण्यात आले, तेव्हा ती घर सोडून डोंगरावर गेली आणि तेथेच राहिली, अशी आख्यायिका परिसरात सांगतात. मुलींना ही गोष्ट फार आवडते. माथ्यावरून पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे दुर्गत्रिकूट, दक्षिणेला हरिश्चंद्रगडाचा पसारा आणि खाली आटलेला तलाव, एवढा मुलूख एका नजरेत येतो.

परतीच्या वाटेवर बारीची एक मुलगी लिंबूपाणी आणि पानांच्या द्रोणांत करवंदे घेऊन बसली होती. वय शिबिरातल्या मुलींएवढेच. पाण्याचा हंडा तिने पहाटेच खालून आणला होता. वर चढणाऱ्यांना ती करवंदांचा एक भाव सांगे, उतरणाऱ्यांना दुसरा. कारण उतरणारे तहानलेले असतात आणि ऊनही वाढलेले असते. सुट्या पैशांचा हिशेब ती तोंडी करत होती आणि एकीकडे माकडांवर नजर ठेवून होती. संगमनेरची मुलगी तेथे बराच वेळ रेंगाळली. भावात फरक का, असे तिने विचारले. ''वरून येणाऱ्याला गरज जास्त. आणि दुपारनंतर करवंदं सुकतात, ती फुकट जातात. तो तोटा कुणी भरायचा?'' व्यापाऱ्याच्या मुलीला हे उत्तर ऐकून दुकानातले आजोबा आठवले असतील. तिने दोन द्रोण घेतले, भाव न करता. साहस शिकण्यासाठी शहरातून आलेल्या मुलांना येथे कळते, की त्यांचे साहस या गावच्या मुलांची रोजची वाट आहे. महादेव कोळी कुटुंबांतील मुले उन्हाळ्यात हिरडा गोळा करायला याच डोंगरांत हिंडतात. तो हिरडा पुढे औषधी मालाच्या बाजारात जातो. शिबिराच्या संयोजकांनी गावातील माणसांना स्वयंपाकी आणि हमाल एवढेच न ठेवता वाटाडे आणि शिक्षक म्हणून मुलांसमोर उभे केले, तर मुलांना या ओळखीसाठी एखाद्या योगायोगाची वाट पाहावी लागणार नाही.

पाठवण्यापूर्वी पालकांनी काय पाहावे, हा प्रश्न उरतोच. साहसी सहलींत झालेल्या मुलांच्या मृत्यूंनंतर हा विषय मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. महाराष्ट्र शासनाने २०१८ मध्ये सुरक्षिततेचे नियम काढले आणि २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण जाहीर केले. त्यानुसार अशा उपक्रमांच्या आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. माल घेताना बिल मागणाऱ्या माणसाने शिबिराचे नोंदणीपत्र मागण्यात संकोच करू नये. प्रशिक्षक कोणत्या संस्थेत शिकले, किती मुलांमागे किती प्रशिक्षक, मुलींबरोबर महिला प्रशिक्षक आहेत का, विंचू चावला किंवा ऊन लागले तर कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वाहनाने नेणार, हे विचारावे, आणि उत्तर देताना आयोजक चिडतो का तेही पाहावे. कड्याची भीती सर्वांना वाटते, परंतु जास्त भीती बाळगावी ती पाण्याची. कड्यावर दोर असतो, प्रशिक्षक सावध असतो. तलावाच्या काठी दुपारच्या मोकळ्या वेळेत कोणाचेच लक्ष नसते आणि धरणाचा उतार दोन पावलांत खोल जातो. पाण्यात उतरण्याचा नियम काय, या प्रश्नाला ज्याच्याकडे एका वाक्यात उत्तर नाही, त्याच्या स्वाधीन मूल करू नये.

आणखी एक गोष्ट पालकांकडून घडते. शिबिर सुरू झाल्यावर ते रोज प्रशिक्षकाला दूरध्वनी करतात, तिसऱ्या दिवशी मिठाई घेऊन भेटायला येतात. घरची मोटार दिसताच सावरलेले मूल पुन्हा ओल्या डोळ्यांनी गाडीकडे धावते. संगमनेरचे व्यापारी दर संध्याकाळी पेढी बंद करताना दूरध्वनी हातात घेत आणि ठेवून देत, असे त्यांच्या पत्नीने नंतर हसत सांगितले. मुलगी परत आल्यावर तिच्यात फार मोठा बदल झालेला कोणाला दिसला नाही. ती पूर्वीइतकीच कमी बोलत होती. पंधरा दिवसांनी मामाच्या गावी लग्नाला जाताना तिने आपली पिशवी स्वतः भरली. आणि मधल्या स्थानकावर काका 'बस आता सुटेल, उतरू नकोस' म्हणत असताना वाहकाला विचारून, खाली उतरून पाणी भरून आणले.

मेच्या अखेरीस शेवटची तुकडी जाते. तोवर शेजारच्या खाचरांत शेतकऱ्यांचे राब भाजून झालेले असतात. पालापाचोळा आणि शेण पसरून जाळलेल्या काळ्या जमिनीचे चौकोन दुरूनही ओळखू येतात. जूनच्या पहिल्या पावसानंतर तेथे भाताचे बी पडेल आणि जुलैत रोपांची आवणी होईल. तंबू उतरवल्यावर जमिनीचा मालक खाचरात वाकून फिरतो आणि मुलांनी तिरप्या ठोकलेल्या, मातीत विसरलेल्या लोखंडी खुंट्या एकेक करून उपटतो. राहून गेली तर नांगराच्या फाळाला लागते.